वळचणीवरचा बर्फ: पुण्यात बसून तपासलेलं मिनियापोलिसचं एक छप्पर

घर अमेरिकेतल्या मिनियापोलिसमधलं, १९५० च्या दशकात बांधलेलं, दीड मजली. गळती वरच्या खोलीत, खिडकीच्या अंगाला. महिना फेब्रुवारी २०२३. बाहेर उणे बारा अंश, आठवडाभर आभाळातून पाण्याचा थेंब नाही, तरी आतल्या भिंतीवरून पाणी ओघळतंय. हा प्रश्न माझ्याकडे आला सहकारनगरमधून. घर ज्यांच्या मुलीचं ते काका तिथे राहतात आणि त्यांच्या सोसायटीच्या गच्चीची गळती मी काही वर्षांपूर्वी शोधून दिली होती. काकू त्या वेळी लेकीकडेच होत्या, नातवाच्या जन्मासाठी गेलेल्या. त्यामुळे प्रकरणाची माणसं अर्धी तिकडे, अर्धी इकडे, आणि तपासणी सगळी फोटो, व्हिडिओ कॉल आणि थर्मामीटरवर.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण असं की पुण्यातल्या कितीतरी घरांतली मुलं आता मिनेसोटा, मिशिगन, बॉस्टन, टोरांटो अशा बर्फाच्या मुलखात घरं घेतात. शाळा, ऑफिसचं अंतर, स्वयंपाकघर सगळं बारकाईने पाहतात. छपराबद्दल मात्र 'किती वर्षांपूर्वी बदललं' एवढंच विचारतात. आणि गळती झाली की पहिला फोन आईवडिलांना. इकडून जो सल्ला जातो तो आपल्या स्लॅबच्या अनुभवातून आलेला असतो. तो अनुभव खरा आहे, पण तिथे तो नेमका उलट्या दिशेला नेतो.

काय दिसत होतं

पहिल्या फोटोंत पन्हाळीच्या कडेने वीतभर जाडीचा बर्फाचा कठडा दिसत होता आणि त्यातून खाली लोंबणारे सुळे, काही तर पुरुषभर लांबीचे. त्या हिवाळ्यात मिनियापोलिसला सुमारे ९० इंच बर्फ पडला. एरवीची सरासरी ५० इंचांच्या आसपास, आणि नोंदींमध्ये हा तिसऱ्या क्रमांकाचा बर्फाळ हिवाळा. गावभर अशाच तक्रारी होत्या, त्यामुळे 'यंदा सगळ्यांचंच असं आहे' म्हणून सोडून देणं सोपं होतं.

पण एका फोटोत शेजारचं घरही आलं होतं. त्याच वयाचं, त्याच दिशेला तोंड, तेवढंच ऊन. त्या छपरावर बर्फ आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसारखा पांढरा होता, सुळे जवळपास नाहीत. आपल्या घरावर मात्र आढ्याच्या खालचा मोठा पट्टा उघडा पडून काळे शिंगल्स, म्हणजे तिथली डांबरी कौलं, दिसत होते आणि सगळा जड बर्फ वळचणीला. दोन्ही छपरांवर पडलेला बर्फ एकच, वारा एकच. फरक होता तो फक्त छपराखाली. माझ्या मते निदानाचं अर्धं काम या एका फोटोने केलं. म्हणून सांगते, गळतीचा फोटो पाठवताना शेजाऱ्याचं छप्परही चौकटीत येऊ द्या.

आधी पाणी थांबवणं

कारण शोधायला वेळ लागणार होता आणि खोलीत तान्हं बाळ होतं. छताच्या जिप्सम बोर्डाला फुगवटा आला होता. मी सांगितलं, बादली खाली ठेवा आणि फुगवट्याच्या मधोमध स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा. काका पुण्यातून ऐकत होते, त्यांना ते पटेना. 'चांगल्या छताला भोक?' पण साठलेल्या पाण्याने बोर्ड भिजत गेला तर अख्खा तुकडा खाली येतो. त्याआधी त्या खोलीतल्या दिव्याचा ब्रेकर बंद करायला लावला.

जावई शिडी आणि कुऱ्हाड घेऊन निघाले होते. त्यांना थांबवणं जास्त महत्त्वाचं होतं. त्या थंडीत शिंगल्स ठिसूळ होतात, एका घावात बर्फाबरोबर छप्परही तुटतं. आणि निसरड्या जमिनीवर शिडी, वर कित्येक किलोंचा बर्फाचा कठडा, हे कुठल्याही गळतीपेक्षा भयंकर आहे. काकांनी गरम पाणी ओतायचं सुचवलं, काकूंनी मीठ. गरम पाणी थोडं वितळवतं आणि काही फुटांवर पुन्हा गोठून कठडा वाढवतं. मीठ एवढ्या कडाक्यात नीट काम करत नाही, वर पन्हाळ गंजवतं आणि खालची झाडं मारतं.

चाललं ते असं. जमिनीवर उभं राहून, लांब दांड्याच्या रूफ रेकने वळचणीपासून चार-सहा फुटांपर्यंतचा मऊ बर्फ ओढून काढला, विजेच्या तारेपासून लांब राहून. कॅल्शियम क्लोराइडचे खडे जुन्या लांब मोज्यात भरून तो मोजा कठड्यावर आडवा न ठेवता उताराच्या दिशेने, टोक पन्हाळीबाहेर येईल असा ठेवला. त्याने कठड्यात एक चर पडते आणि तुंबलेलं पाणी वाहून जातं. आत, गळतीच्या मागच्या पोकळीत एक साधा टेबल फॅन बाहेरची थंड हवा गळतीच्या जागेवर फेकेल असा लावला. पाणी तिथेच गोठतं आणि गळती तात्पुरती थांबते. हा उपाय ऐकायला विचित्र वाटतो, पण त्या रात्री त्यानेच घर वाचवलं. दोन-तीन दिवसांनी वाफेने बर्फ कापणारी माणसं मिळाली. ती वाफेचीच असावीत, जोरदार फवाऱ्याने बर्फ उडवणारी नकोत, कारण त्या फवाऱ्याने शिंगल्सवरची खडी निघून जाते.

काकांचा तर्क

काका टेल्कोतून निवृत्त झालेले, हाताने कामं केलेले. त्यांचा प्रश्न सरळ होता. 'अगं, पाणी वरून येतंय ना? मग वरूनच बंद करायला नको का? आपल्या गच्चीला तू काय केलंस? कोबा उखडून नवीन वॉटरप्रूफिंग केलंस.'

खरं आहे. पुण्यात पाणी पावसाचं असतं, चार महिन्यांचं, आणि ते वरच्या थरातल्या भेगेतून, पाईपच्या सांध्यातून, पॅरापेटच्या पायथ्यातून आत येतं. उष्णतेचा त्यात फारसा हात नसतो. आपल्याकडे उष्णता वरून खाली येते, वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला मे महिन्यात ते सांगायला नको. थंडी म्हणाल तर पुण्याचा नोंदींमधला नीचांक १.७ अंश, जानेवारी १९३५ चा. म्हणजे आपल्या छपरावर पाणी गोठण्याचा प्रश्नच कधी आला नाही.

काकांचं दुसरं वाक्य जास्त नेमकं होतं. 'आणि वळचणीचं पाणी कधी आढ्याकडे चढतं का?' मोकळ्या उतारावर नाही चढत. पण वळचणीशीच बांध घातला तर पाणी तुंबतं आणि तुंबलेलं पाणी मागे मागे सरकतं. शिंगल्सचं छप्पर हे आपल्या कौलारू छपरासारखंच एकावर एक थर चढवून केलेलं. वाहतं पाणी ते उत्तम बाहेर टाकतं, साठलेलं पाणी मात्र थराखालून वर शिरतं. छपराला एकही भोक नसताना घर गळू शकतं ते असं.

बांध तयार कसा होतो

यासाठी तीन गोष्टी एकदम लागतात. छपरावर बर्फ, छपराचा वरचा भाग शून्याच्या वर, आणि खालची कड शून्याच्या खाली. वळचण भिंतीच्या बाहेर आलेली असते, तिच्या खाली खोली नाही, दोन्ही बाजूंनी थंड हवा. ती नेहमी थंडच राहणार. प्रश्न उरतो वरच्या भागाचा.

इथे बहुतेकांना न पटणारी गोष्ट अशी की बर्फ स्वतः उष्णतारोधक आहे. ताजा भुसभुशीत बर्फ म्हणजे बहुतांश हवा. छपरावर पांघरलेली दुलईच ती. समजा पोटमाळ्यात सात अंश आणि बाहेर उणे बारा. बर्फ नसेल तर छपराची फळी बाहेरच्या अंगाने उणे दहाच्या आसपास राहते. त्याच फळीवर २५ सेंटिमीटर ताजा बर्फ बसला की तिचं तापमान हिशोबाने शून्याच्या चार-साडेचार अंश वर जाऊ पाहतं. मग फळीला टेकलेला बर्फ खालून वितळायला लागतो, वरून पांढराशुभ्र दिसत असतानाच. म्हणून जास्त बर्फाच्या वर्षी ही घरं जास्त गळतात. थंडी वाढल्यामुळे नाही, दुलई जाड झाल्यामुळे.

पाणी किती होईल? बर्फाचा एक किलो वितळवायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. छपराच्या शंभर चौरस मीटरमधून वितळवण्यासाठी दर चौरस मीटरला फक्त पाच वॅट मिळत राहिले, तर ते होतात ५०० वॅट. एवढी उष्णता दिवसभरात सुमारे १३० लिटर पाणी करते. ते सगळं पाणी बर्फाखालून घसरत वळचणीला येतं आणि तिथे गोठतं. दुसऱ्या दिवशी आणखी तेवढंच. घरातल्या माणसाला याची चाहूलही लागत नाही, कारण ५०० वॅटचा फरक गॅसच्या बिलात दिसून येत नाही.

किती तापमान चालेल यावर चांगलं काम झालेलं आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हरला अमेरिकी लष्कराची थंड प्रदेशांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे. तिथल्या अभियंत्यांनी प्रत्यक्ष इमारतींच्या छपरांवर मोजमापं घेतली. त्यांचा कामाला येणारा निष्कर्ष असा: बाहेर सुमारे उणे सहा अंश असताना पोटमाळा उणे एक किंवा त्याहून थंड ठेवता आला तर त्रासदायक बर्फ साचत नाही. मी हाच आकडा या प्रकरणाची कसोटी धरला. मुलीला सांगितलं, दोन थर्मामीटर घे, एक बाहेर सावलीत आणि एक पोटमाळ्यात.

पोटमाळ्यात काय सापडलं

दीड मजली घराची रचना समजून घ्यायला हवी, कारण गोची तिथेच आहे. वरची खोली छपराच्या उताराच्या पोटात बसवलेली असते. खोलीच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या बुटक्या भिंती, तिथे त्यांना नी वॉल म्हणतात. त्या भिंतीमागे छप्पर आणि जमीन यांच्यामध्ये तिकोनी पोकळी उरते. एका छोट्या दारातून तिथे रांगत जाता येतं. लोक तिथे बॅगा आणि दिवाळीचे दिवे ठेवतात.

मुलगी फोन घेऊन रांगत गेली. बाहेर उणे बारा, पोकळीत अधिक सात. कसोटीनुसार हे छप्पर नापास. आता ही उष्णता येते कुठून ते पाहायचं होतं.

तिथे पिवळी ग्लास वूल, म्हणजे काचेच्या धाग्यांची उष्णतारोधक लोकर, अंथरलेली होती. बऱ्याच ठिकाणी ती काळपट पडली होती. मुलीला वाटलं बुरशी. पण ती होती धूळ. ग्लास वूल हवा अडवत नाही, गाळते. तिच्यातून वर्षानुवर्षं घरातली हवा जात असेल तर धूळ तिथेच अडकते आणि जिथे ती काळी, तिथे हवेची वाट. काळे पट्टे नेमके नी वॉलच्या पायथ्याशी होते. मी तिला वूल थोडी उचलून जमिनीखालच्या लाकडी तुळयांमध्ये बघायला सांगितलं. खालच्या मजल्याच्या छताच्या आणि वरच्या खोलीच्या फरशीच्या मधल्या पोकळ्या, नी वॉलच्या खालून सरळ बाहेर, या थंड जागेत उघड्या होत्या. एकही फळी आडवी मारलेली नव्हती. गरम हवा हलकी, ती वर चढते. खालच्या मजल्यावरून निघून ती फरशीच्या पोटातून थेट छपराखाली पोचत होती. वर कितीही जाड इन्सुलेशन टाकलं असतं तरी ही वाट तशीच राहिली असती.

दुसरी गोष्ट बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनची. त्याचा लवचीक पाईप छपरातून बाहेर काढलाच नव्हता, पोकळीत मोकळा सोडला होता. रोज सगळ्यांच्या आंघोळीची वाफ तिथे. छपराच्या फळीतून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर पांढरं दव गोठलेलं दिसत होतं.

पुण्यात याचा चुलतभाऊ मी दर हिवाळ्यात पाहते. गच्ची गळते म्हणून सोसायट्या वर पत्र्याची शेड घालतात. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असलेल्या रात्री पत्रा उघड्या आकाशाकडे उष्णता टाकतो आणि आसपासच्या हवेहूनही थंड होतो. पहाटे त्याच्या खालच्या अंगाला दव धरतं आणि टपटप पडतं. लोक समजतात पत्रा गळतोय, स्क्रूंवर सीलंट लावत बसतात. छपरातून काहीच आत आलेलं नसतं, पाणी तिथल्याच हवेतलं असतं. काकांच्या सोसायटीतही अशी शेड आहे, त्यामुळे खिळ्यांवरचं दव त्यांना एका क्षणात समजलं. त्यानंतर त्यांनी 'वरून बंद कर' म्हणणं सोडलं.

वाफेच्या बाबतीत थोडं घरच्या रीतीबद्दल बोलावं लागलं. बाळंतपणाचं घर, दिवसभर पाणी उकळतंय, कुकरच्या शिट्ट्या, दुपट्यांच्या रांगा आत वाळत, बाळाच्या खोलीत ह्युमिडिफायर. चुलीवरचा हूड वाफ बाहेर न टाकता जाळीतून गाळून परत खोलीतच सोडणारा. घरातली आर्द्रता ४८ टक्क्यांपर्यंत गेलेली, खिडक्यांना पाण्याचे ओघळ. एवढ्या थंडीत तीस-पस्तीसच्या वर जाऊ देऊ नये. काकूंना वाटलं गळती आपल्यामुळे झाली. तसं नव्हतं आणि मी ते त्यांना स्पष्ट सांगितलं. ओलाव्याने खिळ्यांवर दव धरलं, फळी कुजण्याचा धोका वाढला. बर्फाचा बांध मात्र गरम हवेच्या वाटांनी तयार केला होता आणि त्या वाटा घर बांधल्यापासून तिथे होत्या.

तिसरी गोष्ट, वळचणीखालच्या हवेच्या जाळ्या. बाहेरून त्या व्यवस्थित दिसत होत्या. आतून कोणीतरी उत्साहाने ग्लास वूल कोपऱ्यापर्यंत कोंबून त्या बंद केल्या होत्या.

तीन सल्ले

मुलीकडे तोवर तीन कोटेशनं जमली होती. पहिलं, अख्खं छप्पर बदला आणि वळचणीपाशी शिंगल्सखाली चिकटणारी डांबरी मेंब्रेन टाका. अमेरिकेतला घरबांधणीचा नियमही बर्फाच्या भागात ती मेंब्रेन बाहेरच्या भिंतीच्या रेषेपासून आत किमान २४ इंचांपर्यंत मागतो. मेंब्रेन चांगली आहे. पण ती बांध तयार होण्याचं थांबवत नाही, तुंबलेलं पाणी फळीपर्यंत पोचू देत नाही एवढंच. शिवाय मोठा बांध झाला तर पाणी तिच्याही मागे जाऊ शकतं. छप्पर अजून बरंच आयुष्य शिल्लक असलेलं होतं. एवढ्या खर्चाने मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

दुसरं, वळचणीवर नागमोडी गरम वायर. ती दर फुटाला पाच ते आठ वॅट घेते. या घराला शंभर फूट लागली असती, म्हणजे ५०० ते ८०० वॅट. वरचा हिशोब आठवा. आतून अर्धा किलोवॅट गळतोय म्हणून तो बर्फ वितळवायला बाहेर आणखी तेवढीच वीज जाळायची. ज्या कोपऱ्यात दुसरा मार्गच नाही तिथे वायरला जागा आहे. सगळ्या घराला ती लावणं मला मान्य नव्हतं.

तिसरं कोटेशन घराची हवाबंदी तपासून वाटा बुजवणाऱ्यांचं. किंमत छपराच्या कोटेशनच्या निम्म्याहूनही कमी. माझा कौल याच्या बाजूने होता, एका अटीवर: आधी तपासणी, मग काम. थंडी असतानाच, मार्चमध्ये तपासणी झाली. दाराच्या चौकटीत मोठा पंखा बसवून घरात ५० पास्कलचा दाबफरक तयार करतात आणि उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने कुठून हवा वाहते ते पाहतात. नी वॉलचा पायथा, छोटं दार, धुराड्याभोवतीची फट आणि छतात खोचलेले दिवे, सगळं पडद्यावर उजळून आलं.

मधे कोणीतरी आढ्यावर विजेचा पंखा बसवून पोटमाळ्यातली गरम हवा बाहेर खेचायला सुचवलं होतं. ते आधी करू नका असं मी आग्रहाने सांगितलं. वाटा उघड्या असताना वर पंखा लावला की तो बाहेरच्या जाळ्यांतून थंड हवा घेण्याऐवजी घरातलीच गरम हवा जोराने खेचतो. क्रम मोडून चालत नाही: प्रथम हवेच्या वाटा बंद, मग इन्सुलेशन, मग वायुवीजन. या तीनमध्ये पहिलं काम सगळ्यात कंटाळवाणं, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त गुण देणारं.

काम

काम सप्टेंबरमध्ये झालं, कारण उन्हाळ्यात पोटमाळ्यात माणूस टिकत नाही. सुरुवातीलाच पाहून घेतलं की जुन्या इन्सुलेशनमध्ये वर्मिक्युलाइट नाही. राखाडी-सोनेरी चमकदार खड्यांचं ते इन्सुलेशन तिथल्या बऱ्याच जुन्या घरांत आहे. त्यातलं बरंचसं माँटानातल्या लिबी इथल्या खाणीचं, त्यात अस्बेस्टस मिसळलेलं, आणि ती खाण १९९० पर्यंत चालू होती. तसं दिसलं तर झाडूही लावायचा नाही. या घरात ते नव्हतं.

नी वॉलखालच्या प्रत्येक पोकळीत फोमचा कडक तुकडा मापाने कापून बसवला आणि कडा फवारणीच्या फोमने भरल्या. धुराड्याभोवती मात्र फोम चालत नाही. तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट. छोट्या दाराला मागून फोमची जाड फळी आणि चारी बाजूंना रबरी पट्टी. बाथरूमचा पाईप इन्सुलेशन गुंडाळून सरळ छपराबाहेर. तो वळचणीच्या जाळीशी सोडून चालत नाही, कारण तीच जाळी ती ओली हवा परत आत ओढून घेते.

आढ्याखालच्या सपाट भागावर सेल्युलोज टाकलं, म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांचा बोरॉनच्या क्षारांची पूड मिसळलेला भुगा. तिथला नियम त्या वेळी त्या हवामानाला आर-४९ मागत होता (आर म्हणजे उष्णता अडवण्याच्या ताकदीचा आकडा, जेवढा मोठा तेवढं चांगलं), त्याला सुमारे १४ इंच थर लागतो. वळचणीपाशी प्रत्येक वाशांच्या गाळ्यात हवेसाठी पन्हळीसारखा पुठ्ठा बसवून मगच इन्सुलेशन, म्हणजे जाळ्या पुन्हा बुजणार नाहीत.

कठीण भाग होता खोलीच्या तिरक्या छताचा. तिथे वासे जेमतेम साडेपाच इंच खोल. तेवढ्यात हवेची वाटही ठेवायची आणि इन्सुलेशनही भरायचं हे जमत नाही. सेल्युलोज दाबून गच्च भरायचं ठरलं, कारण गच्च भरलं की त्यातून हवा जवळपास वाहत नाही. यात तडजोड आहे. तिथे आर-४९ कधीच मिळणार नाही, साधारण वीसच्या आसपास. पण मला वाटतं, अर्धवट हवा आणि अर्धवट इन्सुलेशन यांपेक्षा हे बरं.

सगळं झाल्यावर एक चाचणी करायला लावली, जी लोक विसरतात. घर हवाबंद केलं की गॅसच्या गिझरचा धूर धुराड्यातून वर जाण्याऐवजी उलटा घरात येऊ शकतो. सगळे एक्झॉस्ट फॅन एकदम चालू करून गिझरचा धूर नीट वर जातो का ते मोजलं, आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म आहेत याची खात्री केली. यात कुठेही टंगळमंगळ चालत नाही, घरात बाळ आहे. स्वयंपाकघराचा हूडही बदलून त्याची नळी बाहेर काढली.

निकाल कसा मोजला

पुढचा हिवाळा आला आणि काकांचा फोन, 'झाला गं इलाज, एकसुद्धा सुळा नाही!' पण तो हिवाळा पुरावा म्हणून धरता येत नव्हता. २०२३-२४ चा हिवाळा मिनियापोलिसच्या नोंदींमधला सर्वांत उबदार होता आणि बर्फ फारच थोडा पडला. त्या वर्षी शेजारपाजारच्या वाईट छपरांवरही सुळे नव्हते. बर्फच नसताना बर्फ साचला नाही, यावर समाधान मानलं असतं तर पुढच्या जोरदार वर्षी पुन्हा बादल्या ठेवायची वेळ आली असती.

म्हणून निकाल थर्मामीटरने लावला. जानेवारीत काही दिवस कडाक्याचे मिळाले. बाहेर उणे सहा असताना नी वॉलमागच्या पोकळीत उणे तीन. बाहेर उणे सतरा असताना उणे तेरा. कामाआधी हाच फरक एकोणीस अंशांचा होता, आता तीन-चारवर आला. हॅनोव्हरच्या कसोटीवर छप्पर पास. खिळ्यांवर दव नाही. घरातली आर्द्रता पस्तीसच्या खाली, फक्त ह्युमिडिफायर बंद ठेवून आणि हूड चालू ठेवून. वरच्या खोलीत पूर्वी पायाला लागणारा गार वारा थांबला, हे मुलीने न विचारता सांगितलं.

थर्मामीटर तिथेच ठेवले आहेत. पाईप निसटला किंवा छोट्या दाराची पट्टी सुटली तर वळचणीवर सुळे येण्याच्या आधी तो आकडा सांगेल.

अजून राहिलेलं

मागच्या दारावरच्या पडवीचं छप्पर मूळ घराला नंतर जोडलेलं आहे. उतार फार कमी, वरच्या मोठ्या छपराचं पाणी त्यावर पडतं आणि आत इन्सुलेशनला जागाच नाही. तिथे बर्फ साचणार. या एका कोपऱ्यासाठी गरम वायरचा तुकडा लावायला मी होकार दिला, बाहेरचं तापमान पाहून आपोआप बंद होईल अशा नियंत्रकासह.

शिंगल्स बदलायची वेळ येईल तेव्हा दोन गोष्टी एकदम करायच्या. वळचणीपाशी आणि पडवीच्या पूर्ण छपरावर चिकट मेंब्रेन, आणि तिरक्या भागावर फळीच्या वरून कडक फोमचे तक्ते, म्हणजे आत जे जमलं नाही ते बाहेरून भरून निघेल. छप्परवाल्याने कोटेशनमध्ये हे दोन्ही वेगळ्या ओळींत लिहून द्यावं असं मुलीला सांगून ठेवलं आहे. तोपर्यंत पडवीवर बर्फ सहा इंचांच्या वर गेला की जमिनीवरून रेकने ओढायचा, शिडी नाही, आणि ते काम जावयांनी स्वतःकडे घेतलं आहे.